सारामावशींनी उलटवलेलं रोमन नाणं

नाणी जमवणाऱ्या मित्रांनो, आज जीव अगदी शिणलाय, तरी हे लिहायला मुद्दाम सायबर कॅफेत आलोय.

आमच्या शेजारच्या सारामावशी आज कायमच्या इस्रायलला गेल्या. मुलं आधीच तिकडे आहेत. पनवेलमधल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू समाजातलं आणखी एक घर बंद झालं. सकाळपासून मी त्यांचं सामान बांधत होतो.

दुपारी चहा पिताना मावशी म्हणाल्या, "तुझं ते रोमन नाणं एकदा दाखव रे. निघालेच आता मी."

इतकी वर्षं मी ते त्यांना दाखवायचं टाळत होतो. ब्राँझच्या त्या नाण्यावर एका बाजूला सम्राटाचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला खजुराच्या झाडाखाली मान खाली घालून बसलेली बाई. ज्यूंचा देश जिंकल्यावर रोमनांनी तो विजय मिरवायला हे नाणं पाडलं होतं.

मावशींनी सम्राटाकडे धड पाहिलंही नाही. नाणं उलटवून विचारलं, "ही रडतेय का?"

मग मी खरं ते सांगितलं, की ही बाई म्हणजे हरलेला ज्यूंचा देश. त्या बराच वेळ त्या बाईवरून अंगठा फिरवत राहिल्या. मला फार अपराधी वाटलं.

"मावशी, हिला तुमच्याबरोबर घेऊन जा."

"नको रे. आमचं कोणीतरी राहू दे पनवेलला."

त्यांनी नाणं माझ्या हातात ठेवलं आणि पिशवी उचलून टॅक्सीत बसल्या.

मी अजून आग्रह करायला हवा होता का? तुम्ही काय केलं असतं?