बाबांचा कंबरपट्टा

डॉक्टरांनी बाबांना कंबरपट्टा लिहून दिला, तेव्हा आईला हसू आलं होतं. आमच्याकडे कंबरपट्टा म्हणजे नवरीच्या कंबरेचं चांदीचं लेणं. बाबांच्या कंबरेला आजवर फक्त काळा करदोडा. मणका सरकल्यावर त्यावर हा रुंद, चिकटपट्टीचा पट्टा आला आणि त्यांचं जाळं टाकणं बंद झालं. तलावावरची मासेमारी आई आणि मी बघू लागलो.

त्या पावसाळ्याच्या शेवटी कुरखेड्याकडचा आमचा तलाव काठोकाठ भरला. तुडूम, म्हणजे शेतात पाणी सोडायचं, बांधाच्या पाळीखालचं दगडी तोंड, वेलींनी बुजलं होतं. पाळ एका जागी झिरपायला लागली. खाली गावाचं सगळं धान उभं. माणसं झिरपणाऱ्या जागी मातीची पोती टाकत होती. पण तुडूम मोकळं करून पाणी नाल्यात उतरवायला हवं होतं, आणि तिथे आजवर बुडी मारायचे ते बाबाच.

आई म्हणाली, जाऊ नका. जायचंच असेल तर पट्टा काढा. पट्ट्याशिवाय वाकताच येत नाही, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी पट्ट्याच्या वर, छातीखाली दोर बांधला आणि टोक आईच्या हाती दिलं.

"झटका मारला का ओढजो."

दोन बुड्यांत वेलींचे गुंते वर आले. पुढच्या बुडीला पाणी एकदम घुमलं. तोंड मोकळं झालं होतं. मग झटका आला. आईने ओढलं, मीही ओढलं. दोर ताठ झाला, माणूस येईना.

"ओढू नको. थे अटकले," आई हळूच म्हणाली. "तू जाय."

मी दोर धरून खाली गेले. गढूळ पाण्यात काही दिसेना. बाबांची पाठ हाताला लागली. पट्ट्याचं टोक पाण्याच्या ओढीने तुडुमाच्या गजांत गेलं होतं आणि कंबर दगडाशी आवळली होती. त्यांनी माझं मनगट धरलं, मग सोडलं. चाचपडत मी चिकटपट्टी शोधली आणि सगळ्या जोराने उचकटली. दोर सैल पडताच आईने दोघांनाही वर खेचलं.

बाबा पालथे पडून पाणी ओकले. खाली नाल्यात पाणी धो-धो चाललं होतं. संध्याकाळपर्यंत पाळीचं झिरपणं थांबलं, धान वाचलं.

पुढे बरेच दिवस बाबा बाजेवर होते. एकदा मी पेज घेऊन गेले, तर म्हणाले, "हात मीच सोडला होता. तू बी बुडली असती."

मी पेजेची वाटी त्यांच्या हाती दिली. आईने ऐकलं असावं. चुलीपाशी बसल्या बसल्या तिने लाकूड आत सारलं.

आता तुडुमाची बुडी मी मारते. ज्या दिवशी बुडी असते, त्या दिवशी बाबा पाळीवर येत नाहीत.