बाकाखाली सापडलेले कागद

मामांना बाईंची खरी माहिती फारशी नव्हतीच. शाळेचे शिपाई म्हणून त्यांनी अकरा वर्षं बाईंच्या वर्गाची कडी काढली आणि लावली. पण बाई राहायच्या कुठे, घरी कोण होतं, डबा एकट्याच का खायच्या, हे कधी विचारलं नाही. विचारायला म्हणून जायचं आणि "पाणी आणू का?" एवढंच बोलून परत यायचं, असा त्यांचा स्वभाव. त्यांना नीट ठाऊक होतं ते फक्त बाईंचं अक्षर.

कारण दर शुक्रवारी तिसरीच्या चाळीस मुलांबरोबर एकेक कागद घरी जायचा. वरचा मजकूर छापलेला: या आठवड्यात गणितात हातच्याची वजाबाकी झाली, विज्ञानात पाण्याची वाफ, घरी झाकणावरचे थेंब मुलांना दाखवा. त्याखाली त्या त्या मुलाबद्दल बाईंनी हाताने लिहिलेल्या दोन ओळी. तळाला मुलाचं नाव घातलेली एक पट्टी. 'वाचले' म्हणून पालकांनी तिच्यावर सही करायची, कापायची आणि सोमवारी परत पाठवायची.

"पोरगं कुठे अडलंय ते आईबापांना कळायला नको का, मामा?" बाई म्हणायच्या.

"कळेल की. आधी कागद घरी तर पोचू दे. निम्म्यांची विमानं होतात."

"होईनात का. उडतात तरी नीट?"

हेडसरांना हा उद्योग नकोसा होता. "आठवड्याला तीस पट्ट्या परत आल्या तर चालू ठेवा, नाहीतर बंद," असं त्यांनी एकदा सुनावलं. पुढच्या सोमवारी बाईंनी पट्ट्या मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. त्यांचा चेहरा बघून मामांना राहवेना.

झाडताना बाकांखाली कागद सापडायचेच. मामांनी बाईंच्या खणातल्या कात्रीने त्यांच्या पट्ट्या कापल्या, कधी डाव्या हाताने, कधी निळ्या, कधी काळ्या पेनाने सह्या ठोकल्या आणि बाईंच्या पट्ट्यांच्या डब्यात टाकल्या. उरलेला कागद केरात. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. त्या आठवड्यात एकतीस भरल्या.

"बघा मामा, वाचतात लोक!" बाई म्हणाल्या. मामा खाली मान घालून केर भरत राहिले. पुढे दर आठवड्याला तेच.

सहा महिन्यांनी शेवटच्या बाकावरच्या मुलीची आई हेडसरांच्या खोलीत आली. बाईंना बोलावणं गेलं.

"एका डोळ्याची नजर गेल्यात जमा आहे म्हणाले डॉक्टर. लवकर आणली असती तर वाचली असती. रोज तुमच्यासमोर बसते ना हो ती? एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?"

"तीनदा कळवलं," बाई म्हणाल्या. "वहीतली वजाबाकी बरोबर येते, फळ्यावरची चुकते, डोळे लगेच तपासून घ्या, असं लिहिलं होतं. तुमची सही आली, म्हणून मला वाटलं तुम्ही मनावर घेतलंय." त्यांनी वर्गातून पट्ट्यांचा डबा आणला आणि त्यातल्या तीन पट्ट्या काढून पुढे ठेवल्या.

आईने एकेक उचलून पाहिली. "ही माझी सही नाही. आमच्या घरात कुणाचीच नाही."

हेडसर बाईंकडे बघत राहिले. "तीस भरायच्या होत्या, नाही का?"

बाईंनी एक पट्टी उचलून उजेडात धरली. पाण्याचे पेले घेऊन मामा दारातच उभे होते. नोकरीची चार वर्षं उरली होती, घरी बायको अंथरुणाला खिळलेली होती, ही कारणं त्यांनी नंतर जुळवली. तेव्हा नुसती भीती होती. त्यांनी पेले टेबलावर ठेवले आणि मागच्या पावली बाहेर आले.

महिनाअखेर हेडसरांनी बाईंकडून राजीनामा लिहून घेतला. तो दिवस शुक्रवारच होता. वाटायला कागद नव्हते. मुलं गेल्यावर मामा दोनदा वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा आत गेले. बाई टेबलाचा खण रिकामा करत होत्या.

"बाई..."

"काय मामा?"

मामांच्या हातातला झाडू जमिनीवर नुसताच फिरत राहिला. बाईंनी खणातून तीच, मामांनी पट्ट्या कापलेली कात्री काढली.

"ही ऑफिसातली ना?"

"हो, बाई. असू द्या. मी ठेवतो."