आडनावाचा दुसरा रकाना

व्हॅलेन्सियाला आल्यापासून आम्ही मुक्तासाठी शाळा बघत फिरतोय. अर्धे विषय स्पॅनिशमधून आणि अर्धे इंग्रजीतून शिकवणाऱ्या खासगी शाळा इथे बऱ्याच आहेत. माझा नवरा श्रीधर प्रत्येक शाळेला वहीत गुण देतो. आजच्या तिसऱ्या शाळेच्या अंगणात संत्र्याची झाडं होती, आणि ऑफिसातल्या बाईंनी पहिल्यांदाच फॉर्म हातात दिला.

त्यात नावाला एक रकाना होता, आडनावाला दोन. श्रीधरने सवयीने मधल्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. बाईंनी ते हळूच खोडलं. "इथे वडिलांचं आडनाव, त्यापुढे आईचं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग आम्ही दोन्हीकडे जोशी लिहिलं. त्या हसल्या. "आईचं म्हणजे जन्माचं. लग्नाने ते कुठे जातं?"

मी ते बँकेतून, रेशनकार्डावरून, पासपोर्टावरून एकेक करून काढून टाकलं होतं. काम चोख झालं म्हणून तेव्हा बरंही वाटलं होतं. इतक्या निगुतीने पुसलेली गोष्ट परक्या देशातली एक बाई सहज मागते, जणू ती माझ्या पर्समध्येच असणार.

मी 'कारखानीस' लिहिलं. अक्षर जरा मोठंच आलं.

मुक्ताने वाचलं. "हे तर आजोबांचं आडनाव ना?"

"माझंही होतं."

"मग तू का नाही लावत?"

श्रीधरने वही उघडली आणि तो संत्र्याच्या झाडांना गुण देऊ लागला.