सायीसारखा फोटो

पुण्याहून निघताना बाकरवडीचा पुडा घेतला होता. माझ्या मुलीला, मुक्ताला, ती अजून आवडते का हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या आईची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हा मुक्ता दहा वर्षांची होती. आम्ही नवरा-बायको त्याआधीच वेगळे झालो होतो. आता ती चोविशीत आहे. जागच्या जागी फोटो हातात देणाऱ्या इन्स्टंट कॅमेऱ्याचे क्लास घेते. भेटायला येऊ का, असं विचारलं तर उत्तर आलं : ‘रविवारी क्लास आहे. येऊ शकता.’ लहानपणी ती मला अरे-तुरे करायची.

जयपूरला बनी पार्कमधल्या गेस्टहाउसवर सामान टाकलं, कोपऱ्यावर प्याज की कचोरी (कांद्याचं तिखट सारण भरलेली) खाल्ली आणि ऑटोने जगतपुऱ्याला मुक्ताकडे निघालो. सकाळी नऊलाच लू (भाजणारा वारा) सुटली होती. ड्रायव्हरने विचारलं, कुणाकडे, मुलीकडे का? मी म्हटलं, क्लासला. त्याने आरशातून माझे पांढरे केस पाहिले.

“पढ़ लो साहब, उमर पड़ी है।”

गच्चीवरच्या खोलीत चार कॉलेजची मुलं होती आणि पाचवा मी. प्रत्येकाला एकच फोटो, दुसरा नाही, असा मुक्ताचा नियम. उन्हाने रंग नारिंगी होतात, जुनी फिल्म डाग पाडते; येईल ते आपलं. ताजे फोटो ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवत होती. माझ्या पाळीला एक मुलगी म्हणाली, मॅडम, अंकलसोबत तुम्हीही उभ्या राहा. मी कोण, हे मुक्ताने त्यांना सांगितलं नव्हतं. फोटो तिरका आला. माझा एक कान चौकटीबाहेर गेला.

मग मुक्ताने फोटोच्या कडा कापून तो गरम पाण्यात सोडला. थोड्या वेळाने चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून तरंगू लागलं. ते तसंच जाड कागदावर झेलायचं, सुरकुत्यांसकट. मला राहवलं नाही. एक सुरकुती सरळ करायला बोट लावलं आणि साय नेमकी आमच्या दोघांच्या मधे फाटली.

मुलं जेवायला गेली. मग मी बोललो. नऊ वर्षांची असताना तिने आमच्याच अंगणात, कॅमेरा खुर्चीवर ठेवून, आम्हा तिघांचा असाच इन्स्टंट फोटो काढला होता. डोकी अर्धी कापलेली, सगळा धुरकट. बिघडलाय म्हणून मी तो कचऱ्यात टाकला. आठवडाभर ती शोधत होती. आईने हरवला असेल, असं मीच तिला सांगितलं. त्यानंतर आमचा तिघांचा फोटो कधी निघालाच नाही.

मुक्ता ब्रश पुसत राहिली.

“मी आईशी किती भांडले त्यावरून. मतलब, वर्षानुवर्षं.”

मी ‘हो’ म्हणालो.

तिने फाटलेली साय उचलून कागदावर घेतली. फट जुळवली नाही.

“वाळायला रात्र जाईल. तुमची गाडी आज आहे ना?”

आज होती. ओला फोटो तिथेच सोडून, बाकरवडी टेबलावर ठेवून निघालो.

पुण्याला येऊन महिना झाला. दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की मी अजून दारात जातो. त्या फोटोची दुसरी प्रत नाही. ठेवायचा की टाकायचा, ते या वेळी तिने ठरवायचं आहे.