काळा हेडफोन, पांढरा हेडफोन आणि केमिस्ट्रीचा पेपर

घरात शांतता नांदावी या शुद्ध हेतूने मी खामगावहून दोन हेडफोन आणले.

हेतूच्या शुद्धतेबद्दल वाचकांनी शंका घेऊ नये. मी चिखलीच्या तहसील कार्यालयाबाहेर बसून गेली पंचवीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण म्हणाल तर दहावीला दोनदा बसलो (दोन्ही वेळा परीक्षकांना माझी भाषा झेपली नाही!), परंतु आमच्या अमडापुरात ज्याला कोणाला सरकारशी बोलायचे असते, तो आधी माझ्याशी बोलतो. अशा माणसास दिवसाची सुरुवात संगीताने करावीशी वाटली, तर त्यात गैर ते काय? आमच्या भजनी मंडळाचे सप्ताहातले ध्वनिमुद्रण मी रोज पहाटे पाच वाजता स्पीकरवर लावत असे. त्या ध्वनिमुद्रणात मागे सूर धरणाऱ्यांमध्ये एक आवाज माझाही आहे, ही गोष्ट केवळ माहितीस्तव नमूद करतो.

आमची कन्या वैष्णवी त्या वर्षी बारावीला होती. सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर होता, आणि सराव परीक्षेत याच विषयाने तिला रडवले होते. शुक्रवारी पहाटे भजन सुरू होताच सौभाग्यवती चहाची गाळणी हातात घेऊन बाहेर आल्या.

"अवो, पोरीले काही वाचू द्यान का नाई? उद्या हा भोंगा वाजला तं मी त्याले भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवून देते. अन् बाजूले तुमाले!"

"हे भजन आहे, शोभा. त्याने बुद्धी स्थिर होते."

"तुमची झाली का?"

या प्रश्नाचे लेखी उत्तर देता आले असते. परंतु कागद काढेपर्यंत सौभाग्यवती आत गेल्या होत्या. म्हणून मी त्याच दिवशी खामगाव गाठले.

तिथले दुकानदार शब्बीरभाई माझे जुने पक्षकार. त्यांनी दोन डबे माझ्यापुढे मांडले.

"देखो साहब, हा काळा. याच्यात ढोल असा घुमते का छाती हालते! अन् हा पांढरा. याच्यात गला एकदम साफ. गाणाऱ्यानं सास घेतली तरी समजते. तुमाले कोणता देऊ?"

मी विचारात पडलो. भजनात मृदंग श्रेष्ठ की गळा? या प्रश्नावर आमच्या मंडळाची दोनदा फाटाफूट झालेली आहे. तो एकट्याने काउंटरवर उभे राहून सोडवणे मला बेजबाबदारपणाचे वाटले.

"दोन्ही घेऊन जा," शब्बीरभाई शेवटी थकून म्हणाले. "इतवारच्या संध्याकाळपर्यंत एक वापस आणा. सोमवार उजाडला तं दोन्ही तुमचेच, अन् पैसे बी दोन्हीचे!"

शनिवारी दुपारी मी ओट्यावर बसून काळा हेडफोन कानांवर चढवला, डोळे मिटले आणि मोबाइलचे बटण दाबले. काय सांगू! आवाज कानात वाजतो आहे असे वाटतच नव्हते. जणू सगळे मंडळच भोवती बसले आहे!

"शोभा!" मी ओरडलो (कान झाकलेल्या माणसास स्वतःचा आवाज लहान वाटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते). "किती नैसर्गिक आवाज आहे हा! मृदंग आपल्याच ओट्यावर वाजतो आहे असा भास होतो!"

कोणीतरी माझा हेडफोन ओढून काढला.

"ओट्यावरच वाजून राह्यला!" सौभाग्यवती किंचाळल्या.

मोबाइलने जुन्या सवयीने स्पीकरशी संधान बांधले होते आणि हेडफोन मुका होता. गल्लीत बायका दारात येऊन उभ्या होत्या. आतून वैष्णवीचा रडवेला आवाज आला, "बाबा, बेन्झीनचं पान आता चौथ्यांदा वाचून राह्यली मी!"

मोबाइलची चूक वैष्णवीनेच बाहेर येऊन दुरुस्त केली. (त्यात तिची पाच मिनिटे गेली. मी तिला 'अभ्यासातून थोडी विश्रांती हवीच' असेही म्हणालो. तिने आत जाऊन दार लावून घेतले.) यानंतर मी दोन्ही हेडफोन आळीपाळीने रीतसर ऐकले आणि अधिकच गोंधळलो. काळ्यात मृदंग असा दणदणे की मागे धरणारे सगळे एका सुरात वाटत. पांढऱ्यात प्रत्येक गळा निराळा ऐकू येई, आणि त्यातला एक गळा मला फारसा पसंत पडेना. तो कोणाचा, याचा तपास मी मुद्दामच केला नाही.

वाद मोठा असला की पंच नेमावेत, हा माझ्या व्यवसायाचा नियम. रविवारी सकाळी मी दोन पंच घरी बोलावले: मंडळाचे मृदंगवाले बंडूभाऊ आणि निवृत्त शिक्षक व आमचे मुख्य गायक कुळकर्णी गुरुजी. पंचनाम्यासाठी कोरा कागदही काढून ठेवला.

"अवो, आज पंच?" सौभाग्यवती म्हणाल्या. "उद्या पेपर हाय!"

"त्याचसाठी तर! आज निकाल लागला की कायमची शांतता!"

बंडूभाऊंनी काळा चढवला. क्षणात त्यांचा चेहरा उजळला आणि हात शेजारच्या गव्हाच्या कोठीवर पडले. पत्र्याची कोठी! धा धिन् धा!

"आरारारा! माहा मृदंग पाहा कसा गरजते! हाच घ्या, दादा!"

गुरुजींनी पांढरा घातला. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"यात मागे एक मनुष्य आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "तो प्रत्येक ओळीला सुरातून खाली उतरतो आणि शेवटपर्यंत वर येत नाही. कोण हो हा?"

मी पंचनाम्याच्या कागदावर समास आखू लागलो.

"घ्यायचा तर हाच घ्या," गुरुजी पुढे म्हणाले. "दोष कळला तरच सुधारणा होते."

"कायचा दोष?" बंडूभाऊ. त्यांनी काळा काढला नव्हता, त्यामुळे ते गावच्या वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलत होते. "पांढऱ्यात मृदंग टिचकी मारल्यावानी वाजते!"

"मृदंगाने गळा झाकू नये!" पांढऱ्याखालून गुरुजीही तितक्याच जोरात.

"काय म्हनता?"

"काय म्हणालात?"

दोघांनाही एकमेकांचे एक अक्षर ऐकू येत नव्हते आणि दोघेही हेडफोन काढायला तयार नव्हते! बंडूभाऊ पुरावा म्हणून कोठी बडवू लागले. गुरुजींनी पुरावा म्हणून आलाप घेतला. मी मध्ये उभा राहून "शांतता! शांतता!" असे ओरडत होतो, आणि नंतर सौभाग्यवतींनी सांगितले की सर्वांत मोठा आवाज तोच होता.

एवढ्यात आतले दार उघडले. वैष्णवी बाहेर आली. डोळे लाल. हातात वहीचा फाडलेला कोरा कागद.

"बाबा, एक अर्ज लिहून द्या."

अर्ज! हा शब्द ऐकला की माझे सर्व विकार गळून पडतात. मी तत्काळ मांडी घातली आणि पेन उघडले.

"प्रति?"

"आई."

"अर्जदार तू. गैरअर्जदार?"

"तुमी."

माझा हात पेनाच्या टोपणाकडे गेला. परंतु दारी आलेला पक्षकार परत पाठवणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

"विषय?"

"गोंगाट."

"'गोंगाट' फिका पडतो," मी म्हणालो. "'अभ्यासात येणारा असह्य व्यत्यय' लिहू?"

"लिहा."

"'वारंवार तोंडी समज देऊनही'?"

"लिहा, लिहा!"

"'गैरअर्जदाराच्या वर्तनात तिळमात्र सुधारणा न झाल्याने'?" लेखणी अशी धावत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. बंडूभाऊंनी कोठी वाजवणे थांबवले. गुरुजींनी हेडफोन काढून मजकूर ऐकला आणि "उत्तम भाषा!" असा अभिप्राय दिला.

सौभाग्यवतींनी अर्ज वाचला आणि उभ्या उभ्याच आदेश दिला.

"काळा पोरीले. पांढरा आजच्या आज खामगावले वापस. स्पीकर पेपर संपेपर्यंत माह्या पेटीत. अन् दोघा पंचांनी चहा घ्यावा अन् घरी जावं."

"आणि मी?"

"तुमी खामगावले जाऊन राह्यले ना? पायीच जा. मंग रातीपर्यंत तरी घर शांत राहीन."

वैष्णवीने काळा हेडफोन चढवला आणि पुस्तक उघडले. कुतूहल म्हणून मी विचारले, "बाळ, कोणते गाणे लावलेस?"

तिने पान उलटले. मोबाइल तर माझ्याच खिशात होता; हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हते.

पांढऱ्याचा डबा बगलेत मारून मी बाहेर पडलो. पंचवीस वर्षांत हजारो अर्ज लिहिले. कोणाचा वर्षाने निकाली निघाला, कोणाचा अजून टेबलावर आहे. दिल्या जागी, दिल्या क्षणी, एकही शेरा न मारता मंजूर झालेला माझा अर्ज आजवर एकच, आणि तो माझ्याविरुद्ध आहे!