सलूनवाल्याची फुंक

"फुंका काका. सावकाश, धसमुसळेपणा नको."

"सावकाशच फुंकतोय की, सिस्टर. जोर कुठाय आता छातीत?"

सलूनवाल्यानं नळी तोंडातून काढली. यंत्रावरचा आकडा बघून सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. आकडा चांगला खाली होता, पण तिच्या हातातला रक्ताचा रिपोर्ट भलतंच बोलत होता.

मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तातली घाण श्वासात उतरते. हे नवं यंत्र ती हुंगायचं. डायलिसिसच्या दर खेपेला फुंकायचं, रक्त मात्र महिन्यातून एकदा. सलूनवाल्याचा आकडा उतरत चालला तसं डॉक्टर म्हणाले होते, रक्तानंही हेच सांगितलं तर आठवड्यातली तिसरी खेप बंद करून बघू. ती खेप नेमकी सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दुकानाच्या गर्दीच्या दिवशी. सलूनवाल्यानं उतावीळपणे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं, पुढच्या महिन्यापासून सुट्टीला दुकान उघडं.

"काका, तोंडात काय घातलं होतं?"

"काही नाही. उपाशी आहे."

"लिंबूपाण्याच्या चुळा भरल्यात की मघाशी," बाकावरून बायको बोलली.

"चूळ म्हणजे खाणं झालं का गं?"

खोड जुनी होती. दुखण्यानं तोंडाला मुताचा वास यायला लागला, आणि धंदा तर गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक लावून करायचा. एकानं अर्ध्या दाढीत मान फिरवून विचारलं होतं, "मोरीत झोपतोस काय रे?" तो समोरच्या सलूनात गेला तो गेलाच. तेव्हापासून वस्तरा धरायच्या आधी आंबट चूळ. सिस्टरही तोंडापुढंच उभी राहते. तिला कशाला त्रास, म्हणून इथंही.

"आंबटानं तोंडातला वास मरतो, काका. रक्तातली घाण आहे तिथंच. यंत्र फसलं."

"म्हणजे इतके दिवस मी यंत्राचीच हजामत केली."

त्यानं नळी सिस्टरच्या हातात दिली.

"तिसरी खेप?"

"चालूच ठेवावी लागेल. डॉक्टर कदाचित वेळही वाढवतील."

सुया टोचल्या गेल्या. बायको हळूच म्हणाली, "त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी बसवा दुकानात."

"गिऱ्हाईक त्याच्या हाताला सोकावलं, की मग मला कोण विचारतंय?"

तो छताकडं बघत पडला.

सुया निघाल्यावर दंडाला पट्टी, पायात गोळे, तरी तो घरी न जाता दुकानात आला. बाकावर ट्रकवाला दाढी खाजवत बसला होता.

"मग, सुट्टीला येऊ ना पुढच्या महिन्यात?"

"नका येऊ. बंदच राहील."

"अरे, तूच म्हणालास! मला तेवढाच दिवस मोकळा असतो. समोर जावं लागेल मला."

"जावा."

सलूनवाल्यानं चूळ न भरताच त्याच्या गळ्यात कापड बांधलं, दोन बोटांनी हनुवटी वर केली आणि कानाखालून साबण लावायला घेतला.