आधी पक्का, मग गोंधळलेला

अब्बा औरंगाबादच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव होता रिजालमध्ये. रिजाल म्हणजे हदीस, पैगंबर आणि इमामांची वचनं, सांगणाऱ्या माणसांची, रावींची, पारख करण्याचं शास्त्र. अम्मी गेल्यावर मी त्यांना शिकागोला आणलं. डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानामागच्या हॉलमध्ये ते दर शुक्रवारी आम्हा काही शिया घरांतल्या लोकांना शिकवू लागले.

सुरुवातीचे शिया विद्वान एखादं वचन ऐकायला चांगलं वाटलं म्हणून घेत नसत, असं ते सांगायचे. सांगणारा कोण, त्यानं ते कोणाकडून ऐकलं, दोघांची भेट होणं शक्य तरी होतं का, हे आधी बघत. दुसऱ्या पंथाचा पण खरं बोलणारा माणूस चालायचा. आपलाच असून वाढवून सांगणारा चालायचा नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी दोन रावींची गल्लत केली. हा तो दुसरा ना, असं एका मुलीनं इंग्रजीत हळूच विचारलं, तेव्हा ते वही चाळू लागले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला.

परतताना कारमध्ये ते म्हणाले, "क्लास बंद कर. माझ्याकडून आता कोणी काही घ्यायचं नाही."

लोक समजून घेतील, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी बगदादच्या एका जुन्या विद्वानाची गोष्ट सांगितली. ज्या गुरूकडून त्यानं स्वतः पुष्कळ ऐकलं होतं, त्याच्याबद्दलच त्यानं लिहून ठेवलं, की हा आधी पक्का होता, मग गोंधळला. आणि त्या गुरूकडून ऐकलेलं थेट सांगणं सोडून दिलं.

"जड गेलं असेल त्याला," अब्बा म्हणाले. "तरी लिहिलं."

मी सगळ्यांना फोन करून क्लास कॅन्सल केला.

परवा जेवताना ते अम्मीच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलू लागले. तू उशाशी होतीस, चमच्यानं पाणी पाजलंस, तिनं तुझा हात धरला होता. खरं तर मी तेव्हा इथेच होते. व्हिसाचं काम अडकलं होतं, जाता आलं नव्हतं. तरी ते बोलत होते ते ऐकतच राहावंसं वाटलं.

"नाही अब्बा," मी शेवटी म्हटलं. "मी नव्हते तिथे."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मग कोण होतं?"

अम्मीजवळ फक्त तेच होते. तिनं पाणी मागितलं का, कोणाला हाक मारली का, हे सांगू शकणारं दुसरं कोणी नाही. त्यांना त्रास होईल म्हणून मी इतके दिवस विचारलंच नव्हतं. आता विचारलं. ते अजून आपल्याच प्रश्नावर होते. तुझी मावशी असेल, ते म्हणाले. मग म्हणाले, कोणीच नव्हतं.

मी त्यांचे हात धुऊन दिले आणि ताट उचललं.